डुकराची पैज

दोन राज्यं होती, शेजारी शेजारी. एक वर, एक खाली. मधे डोंगर नव्हता, समुद्र नव्हता. हद्द होती ती नकाशावर पट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ. रेघेच्या या बाजूला मका, त्या बाजूलाही मकाच. या बाजूला डुकरं, त्या बाजूलाही डुकरंच. वरच्या राज्याचं नाव मिनेसोटा, खालच्याचं आयोवा. अमेरिकेच्या मधोमध ही दोन राज्यं बांधाला बांध लावून बसली आहेत. आणि बांध म्हटला की पुढचं आपल्याला कुणी सांगायला नको.

डुकराबद्दल मात्र आधी सांगायला हवं. आपल्याकडे डुक्कर म्हटलं की शिवी होते. तिकडे तसं नाही. तिकडचा शेतकरी मका पिकवी, डुकरांना घाली, डुकरं विकी आणि बँकेचं देणं फेडी. गहाण पडलेलं शेत सोडवून देणारं जनावर, अशी त्याची ख्याती होती. जत्रेत उत्तम डुकराला बक्षीस मिळे. आपल्याकडे खिल्लार बैलाचं जे कौतुक, ते तिकडे डुकराचं.

दोन्ही राज्यांत एकेक मोठं विद्यापीठ होतं आणि दोन्हीकडची पोरं फुटबॉल खेळत. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. यातला चेंडू दोन्ही टोकांना निमुळता. तो काखेत दाबून पळायचं आणि समोरच्या अकरा जणांनी पळणाऱ्याला भुईवर पाडायचं. थोडी कबड्डी, थोडी कुस्ती. ही दोन विद्यापीठं पहिल्यांदा समोरासमोर आली १८९१ साली. मिनेसोटाने ४२ गुण केले, आयोवाने ४. पुढे बरीच वर्षं असंच चाललं. वरचा जिंकायचा, खालचा हात झटकत घरी जायचा. शेजाऱ्याकडून हरण्याचं दुःख परक्याकडून हरण्यापेक्षा जास्त असतं, कारण शेजारी रोज दिसतो.

मग आयोवाकडे एक पोरगा आला.

तो दूरच्या टेक्सास राज्यातला. नाव ओझी सिमन्स. रंगाने काळा. त्याच्या स्वतःच्या राज्यातल्या मोठ्या विद्यापीठांची दारं काळ्या मुलांना तेव्हा बंद होती. आयोवात काळ्या मुलांना खेळू देतात असं त्याच्या कानावर आलं. तो भावाबरोबर मालगाडीत चढला आणि उत्तरेला येऊन उतरला. संघाने त्याला पळायला लावलं आणि बघणारे बघत राहिले. समोरचा झडप घालायचा आणि त्याच्या हाती वारा लागायचा. १९३४ साली तो पहिल्यांदा मोठ्या सामन्यांत उतरला, आणि काही आठवड्यांत त्याचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं. कित्येक वर्षं हात झटकत घरी जाणाऱ्या आयोवाच्या लोकांना वाटलं, आता आपलाही दिवस येणार.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मिनेसोटाचा संघ आयोवा सिटी गावात आला. हा संघ त्या वर्षी देशात पहिला ठरला, इतका तो भारी होता. सामना सुरू झाला. चेंडू सिमन्सच्या हाती गेला की तीन-तीन, चार-चार जण त्याच्यावर तुटून पडत. तो खाली पडल्यावरही वरून गुडघे बसत. त्या काळात डोक्यावर कातडी टोपी असे आणि तोंडापुढे काहीच नसे. एकदा तो पडला, उठला. दुसऱ्यांदा पडला, उठला. तिसऱ्यांदा त्याला मैदानाबाहेर न्यावं लागलं आणि तो परत आला नाही. मिनेसोटा ४८, आयोवा १२.

मिनेसोटाचे लोक म्हणाले, हा खेळच असा आहे, मुद्दाम कुणी काही केलं नाही. आयोवाचे लोक म्हणाले, तो काळा आहे म्हणून मारलं. सिमन्स स्वतः पुढे म्हातारपणी सांगायचा, की रंगाचा भाग त्यात होताच, पण त्याहून जास्त मी चांगला खेळत होतो म्हणून मारलं. मार ज्याने खाल्ला त्याचंच बोलणं सगळ्यांत कमी कडवट होतं. असं पुष्कळदा होतं.

आयोवाच्या रागाला आणखी एक जुनी जखम होती. त्याच राज्यात एम्स नावाच्या गावी दुसरं एक कॉलेज होतं, शेतकीचं. अकरा वर्षांपूर्वी, १९२३ साली, त्या कॉलेजचा संघ मिनेसोटात खेळायला गेला होता. त्यात जॅक ट्राइस नावाचा एकच काळा खेळाडू होता. सामन्याच्या सुरुवातीलाच त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तरी तो खेळत राहिला. पुढे समोरच्या खेळाडूंच्या पायांखाली तुडवला गेला. दोन दिवसांनी तो वारला. एम्सच्या कॉलेजने त्यानंतर मिनेसोटाशी खेळणं थांबवलं. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही. सहासष्ट वर्षं. १९८९ सालापर्यंत त्या दोन संघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

तर १९३४ च्या त्या सामन्यानंतर वर्षभर राग धुमसत राहिला. मिनेसोटाच्या प्रशिक्षकाला धमकीची पत्रं येऊ लागली. प्रशिक्षकाचं नाव बर्नी बिअरमन. कमी बोलणारा माणूस. १९३५ चा सामना पुन्हा आयोवातच होता. नोव्हेंबर उजाडला, सामन्याचा दिवस जवळ आला आणि आयोवाचे गव्हर्नर बोलून गेले. गव्हर्नर म्हणजे तिथला मुख्यमंत्रीच समजा. क्लाइड हेरिंग त्यांचं नाव. ते पत्रकारांपुढे म्हणाले, गेल्या वर्षीसारखी दांडगाई पंचांनी चालवून घेतली, तर प्रेक्षक चालवून घेणार नाहीत.

वाक्य साधं होतं, पण वेळ साधी नव्हती. मंदीचे दिवस होते. मक्याला भाव नव्हता, शेतं लिलावात जात होती. दोनच वर्षांपूर्वी याच आयोवात चिडलेल्या शेतकऱ्यांनी जप्तीचे खटले चालवणाऱ्या न्यायाधीशाला कोर्टातून ओढून बाहेर काढलं होतं आणि त्याच्या गळ्यात दोर अडकवला होता. जीव गेला नाही एवढंच. तेव्हा याच हेरिंगसाहेबांना तिथे लष्करी कायदा पुकारावा लागला होता. जमाव काय असतो हे ज्या माणसाला ठाऊक होतं, तोच आता जमावाचं नाव घेऊन बोलत होता.

मिनेसोटात खळबळ उडाली. बिअरमनने संघासाठी पोलिसांचं संरक्षण मागितलं. आयोवाशी यापुढे खेळायचंच नाही, अशी भाषा सुरू झाली. एम्सचं झालं तेच इथेही होणार, असं दिसू लागलं.

मिनेसोटाचे गव्हर्नर होते फ्लॉइड ओल्सन. गरिबीत वाढलेला, हसरा, तोंडाने तिखट माणूस. सामन्याच्या दिवशी सकाळी त्यांनी हेरिंगना तार पाठवली.

आपल्याकडे तार आली की ती वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची. ही तार निराळी होती. ओल्सननी लिहिलं, तुमच्या बोलण्याने आमचे लोक फार हलले आहेत. पण मी त्यांना सांगितलंय, की हेरिंग कायदा पाळणारे सज्जन गृहस्थ आहेत, ते नुसते आपल्याला चिडवताहेत. आता माझी पैज घ्या. मिनेसोटा जिंकली तर तुम्ही मला आयोवाचं एक बक्षीसपात्र डुक्कर द्यायचं. तुम्ही जिंकलात तर आमचं डुक्कर तुमचं. हरणाऱ्याने डुक्कर स्वतः नेऊन पोचवायचं. आणि हो, फायदा तुमचाच आहे, कारण आमची डुकरं तुमच्यापेक्षा चांगली असतात.

हेरिंगनी तार वाचली आणि पैज घेतली.

बातमी आयोवा सिटीला पोचली. सकाळपर्यंत ज्यांच्या ओठांवर गेल्या वर्षीचा मार होता, त्यांच्या ओठांवर आता डुक्कर आलं. कुणाचं डुक्कर चांगलं, यावर वाद रंगला. आयोवाच्या माणसाला फुटबॉलमध्ये हरवलं तर तो एक वेळ गप्प बसेल, डुकरात हरवलेलं तो कसं ऐकून घेईल? माणसं हसू लागली. हसणाऱ्या माणसाच्या हातातून दगड आपोआप खाली पडतो.

सामना झाला. चुरशीचा झाला, पण स्वच्छ झाला. मिनेसोटा १३, आयोवा ६. सिमन्स शेवटपर्यंत धड पायांवर होता. सामना संपल्यावर मिनेसोटाचे खेळाडू मुद्दाम त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या खेळाची तारीफ केली. त्यानेही सांगितलं, की हे लोक जोरात खेळले पण नेकीने खेळले.

आता डुक्कर द्यायचं होतं. आयोवात फोर्ट डॉज गावाजवळ रोझडेल नावाची शेतवाडी होती. तिच्या मालकाने एक तगडं डुक्कर दिलं. हे काही ऐरंगैरं जनावर नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आलेल्या ‘स्टेट फेअर’ नावाच्या चित्रपटात ब्लू बॉय नावाचं एक डुक्कर गाजलं होतं, त्याचा हा भाऊ. जिंकणाऱ्या गव्हर्नरांच्या नावावरून त्याचं नाव फ्लॉइड ठेवलं. रोझडेलचा फ्लॉइड. ज्याच्याकडून हरलो त्याचंच नाव डुकराला ठेवायचं, म्हणजे हरूनही चिमटा काढायचा. आणि चिमटा असा, की ज्याला काढला तो सगळ्यांत मोठ्याने हसला.

हेरिंगनी शब्द पाळला. ते मिनेसोटात सेंट पॉलला गेले आणि डुकराला चालवत थेट ओल्सनच्या कार्यालयात घेऊन गेले. खाली गालिचा होता. त्या गालिच्यावर एक राज्याचा प्रमुख उभा, दुसऱ्या राज्याचा प्रमुख उभा आणि मधे डुक्कर. डुकराने गालिच्याचं काय केलं ते कुणी लिहून ठेवलेलं दिसत नाही. आपण अंदाज करू शकतो.

इतकं गोड झालं की कुणीतरी मिठाचा खडा टाकतोच. आयोवातल्या एका गृहस्थाने तक्रार केली, की पैज म्हणजे जुगार आणि जुगार कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा गव्हर्नरांना पकडा. वॉरंट निघालं. दोन्ही राज्यं पुन्हा एकदा पोट धरून हसली आणि खटला बारगळला.

फ्लॉइडचं पुढे काय झालं? ओल्सननी राज्यभरातल्या मुलांसाठी निबंधस्पर्धा ठेवली आणि तो बक्षीस म्हणून देऊन टाकला. चौदा वर्षांच्या एका मुलाला तो मिळाला. तिथून तो मिनेसोटाच्या विद्यापीठाकडे गेला आणि विद्यापीठाने ५० डॉलरला एका पैदासकाराला विकला. जुलै १९३६ मध्ये डुकरांच्या रोगाच्या साथीत फ्लॉइड मेला. त्याला त्या शेतातच पुरलं. पुढच्याच महिन्यात, २२ ऑगस्टला, ओल्सनही कर्करोगाने गेले. वय अवघं चव्वेचाळीस. एका नावाचे दोघे महिन्याभराच्या अंतराने गेले.

पण ओल्सननी आधीच एक काम करून ठेवलं होतं. सेंट पॉलच्या चार्ल्स ब्रिओस्की नावाच्या शिल्पकाराकडून त्यांनी त्या डुकराचा कांस्याचा पुतळा करवून घेतला. २१ इंच लांब, साडेपंधरा इंच उंच, वजन ४४ किलोच्या वर. दरवर्षीच्या सामन्यात जो जिंकेल त्याने हे डुक्कर घरी न्यायचं, असं ठरलं. तेव्हापासून तेच चालू आहे. ओल्सन गेले, हेरिंग गेले, महायुद्ध आलं आणि गेलं, डुक्कर मात्र रेघेच्या या बाजूने त्या बाजूला जात-येत राहिलं.

भांडणं संपली असं मात्र नाही. २०२३ साली आयोवा सिटीत सामना होता. शेवटची दीड मिनिटं उरली होती. आयोवाच्या खेळाडूने उंच आलेला चेंडू उचलला, कडेकडेने पळत गेला आणि गुण केले. सगळं मैदान नाचायला लागलं. मग पंचांनी चित्रफीत पाहिली आणि सांगितलं, की चेंडू उचलण्याआधी याने हात हलवून खूण केली होती, म्हणून ही धाव बाद. मिनेसोटा १२, आयोवा १०. १९९९ नंतर मिनेसोटाने तिथे जिंकलेला हा पहिला सामना. आयोवाचे लोक अजून त्या हाताबद्दल बोलतात. पण त्या संध्याकाळी डुक्कर वर गेलं आणि पुढच्या वर्षी आयोवाने ते जिंकून परत आणलं. खेळायचंच नाही, असं कुणी म्हणालं नाही.

गोष्ट इथे संपवली असती तर ती सोपी झाली असती. तापलेल्या डोक्यावर राग ओतू नये, हसू ओतावं, असं म्हणून उठता आलं असतं. ते खोटंही नाही. ओल्सनच्या एका तारेने जे केलं ते पोलिसांच्या तुकडीला जमलं नसतं. गावातल्या बांधाच्या भांडणात असा एखादा माणूस असता तर किती कोर्टकचेऱ्या वाचल्या असत्या.

पण मला ही गोष्ट सांगताना मधेच एक अडखळ येते. डुकराचं नाव सगळ्यांना माहीत आहे. त्याचा भाऊ कोण, तो कुठल्या वाडीतला, कितीला विकला गेला, कशाने मेला, हे सगळं लिहिलेलं आहे. पण ज्याच्या अंगावर गुडघे बसले म्हणून हे सगळं घडलं, त्या पोराचं नाव त्या तारेत नव्हतं. पैजेत नव्हतं. कांस्याचा पुतळा डुकराचा झाला. उलट एम्सच्या कॉलेजने सहासष्ट वर्षं अबोला धरला, हसून सोडून दिलं नाही. तिथल्या पोरांनी ट्राइसचं नाव लावून धरलं आणि १९९७ साली तिथलं अख्खं मैदान जॅक ट्राइसच्या नावाचं झालं. जिथे भांडण मिटलं तिथे डुक्कर आठवणीत राहिलं. जिथे मिटलं नाही तिथे माणूस राहिला. भांडण मिटवणं आणि दुखावलेल्याची विचारपूस करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं झालं की दुसरं झालं असं आपण धरून चालतो. गावात, घरातही हेच करतो. दोघांना हसवून हात मिळवायला लावतो, आणि ज्याच्या गालावर वळ उठलेला असतो त्याच्याकडे मग कुणी बघत नाही.

सिमन्स त्यानंतरही खेळला. पण १९३४ पासून पुढची बारा वर्षं अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये काळ्या खेळाडूला कुणी घेतच नव्हतं, म्हणून तो छोट्या संघांकडून खेळला. युद्धात नौदलात गेला. मग शिकागोच्या शाळांत शिक्षक झाला आणि तीन तपांहून जास्त काळ त्याने पोरं शिकवली. २००१ साली तो वारला.

त्या कांस्याच्या डुकराचा फोटो कधीतरी तुमच्या पाहण्यात येईल. घामाने भिजलेली पोरं ते डोक्यावर उचलून नाचत असतील, आणि तुम्हालाही हसू येईल. हसा जरूर. आणि शेजारी कुणी बसलेलं असलं, तर त्याला ओझी सिमन्सची गोष्टही सांगा.